वास्तूचा जमाखर्च



पन्नास वर्षे हा संस्थेच्या आयुष्यात गौरवाचा टप्पा मानला जातो. इमारतीच्या आयुष्यात मात्र अलीकडे तोच निरोपाचा टप्पा ठरू लागला आहे. शहरातील ज्या इमारती १९७०च्या दशकात नव्या म्हणून मिरवल्या, त्यांच्या दारी आज पुनर्विकासाचे फलक झळकत आहेत. नव्या घराचे क्षेत्रफळ किती, मधल्या काळाचे भाडे किती, ताबा केव्हा मिळणार, यावर सभासदांच्या बैठकांमागून बैठका होतात. पाडलेल्या इमारतीतील विटा, दगड, लोखंड, लाकूड आणि काँक्रीट पुढे कोठे जाते, हा प्रश्न मात्र क्वचितच विषयपत्रिकेवर येतो. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत त्याला ‘बांधकाम क्षेत्रातील चक्रीय अर्थव्यवस्था’ असे म्हणतात. या क्षेत्रात जगाला वाट दाखविणारे कोण, त्यांनी नेमके काय केले आणि त्यातून सामान्य गृहस्थाने व संस्थेने काय घ्यावे, याचा विचार येथे क्रमाने करावयाचा आहे.

प्रथम विषयाची व्याप्ती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२१ या वर्षी ऊर्जेच्या वापरातून व औद्योगिक प्रक्रियांतून जगात जे कर्ब-उत्सर्जन झाले, त्यापैकी सुमारे ३७ टक्के इमारती आणि बांधकाम यांच्याशी निगडित होते. त्यात इमारतींचे दिवे, वातानुकूलन व इंधन यांचा वाटा आहे, तसाच सिमेंट, पोलाद, काच यांच्या निर्मितीचाही आहे. त्याच संस्थेच्या अंदाजाप्रमाणे मानवजात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू व खडी वापरते. युरोपीय संघात निर्माण होणाऱ्या एकूण कचऱ्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक कचरा बांधकाम व पाडकामातून येतो. आवक प्रचंड, वापर एकदाच आणि शेवटी राडारोडा, असा हा सरळ रेषेतील व्यवहार आहे. नदी खरवडून व डोंगर फोडून काढलेला माल एका पिढीच्या वापरानंतर खाडीच्या काठी टाकून द्यावयाचा, हा हिशेब कोणत्याही पेढीवर मान्य होणार नाही.

चक्रीय अर्थव्यवस्थेची कल्पना यालाच उत्तर म्हणून पुढे आली. तिच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक व्यक्ती वास्तुविशारद होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वॉल्टर स्टाहेल हे स्वित्झर्लंडचे. १९७६ मध्ये त्यांनी आपल्या सहकारी जेनव्हिएव रेदे यांच्यासह युरोपीय आयोगासाठी एक अहवाल सिद्ध केला. ऊर्जेच्या जागी मनुष्यबळाचा उपयोग कितपत करता येईल, हा त्याचा विषय होता. त्यांच्या निरीक्षणानुसार उद्योगांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा सिमेंट, पोलाद यांसारखा मूळ माल तयार करण्यात खर्च होते आणि त्या मालापासून यंत्रे वा इमारती घडविण्यास उरलेली एक चतुर्थांश लागते. मनुष्यबळाचे प्रमाण नेमके याच्या उलट असते. यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. तयार वस्तू दुरुस्त करून तिचे आयुष्य वाढविले, तर ऊर्जा वाचते आणि हातांना काम मिळते. आपल्या घरांतून जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आजीला हे तत्त्व अहवालाविनाही ठाऊक होते. स्टाहेल यांनी त्याला आकडेवारीचा आधार दिला.

कल्पना मांडणे वेगळे आणि ती विटा-लाकडात उतरविणे वेगळे. या बाबतीत नेदरलँड्स या छोट्या देशाचा अभ्यास विशेष उपयुक्त आहे. तेथील शासनाने २०१६ मध्ये असे ध्येय जाहीर केले की, २०५० पर्यंत देशाची अर्थव्यवस्था पूर्णतः चक्रीय व्हावी आणि २०३० पर्यंत नव्या मूळ कच्च्या मालाचा वापर निम्म्यावर यावा. बांधकाम हे त्यातील अग्रक्रमाचे क्षेत्र ठरविण्यात आले.

येथे एका गैरसमजापासून सावध राहणे अगत्याचे आहे. त्या देशात पाडकामाच्या कचऱ्यापैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया होते. हा आकडा ऐकून कार्य सिद्धीस गेले असे वाटेल. परंतु त्यातील बहुतांश काँक्रीट व विटा दळून रस्त्याच्या पायात भरल्या जातात. चांगल्या लोकरीची शाल फाडून तिचे फडके केले, तर वस्तू फुकट गेली नाही असे म्हणता येईल. तिची किंमत मात्र गेलीच. खांब खांब म्हणून, दार दार म्हणून आणि वीट वीट म्हणून पुन्हा वापरात आली, तरच तिच्यात ओतलेली ऊर्जा, कसब व पैसा टिकून राहतो. म्हणून या क्षेत्रातील जाणकार पुढील क्रम मानतात : प्रथम पाडकाम टाळावे, ते शक्य नसेल तर भाग अखंड काढून पुन्हा वापरावेत, तेही शक्य नसेल तेव्हाच दळावे. टक्केवारी केवळ शेवटच्या पायरीची मोजली, तर प्रगतीचा आभास निर्माण होतो.

हा क्रम प्रत्यक्षात कसा येतो, याचे उदाहरण म्हणजे गेल्डरलँड प्रांतातील ब्रुमेन या लहानशा गावाचे नगरपालिका-भवन. नगरपालिकेला विस्ताराची आवश्यकता होती. परंतु पुढे शेजारच्या नगरपालिकांमध्ये विलीनीकरण होण्याचा संभव असल्याने, इमारत किती काळ उपयोगी पडेल याची शाश्वती नव्हती. तेव्हा नगरपालिकेने वीस वर्षांपुरती इमारत हवी अशी मागणी केली. अशा मागणीला सामान्यतः स्वस्त व तकलादू बांधकाम हे उत्तर मिळते. वास्तुविशारद थॉमस राऊ यांनी निराळे उत्तर दिले. इमारत वीसच वर्षांसाठी असली, तरी तिच्यातील साहित्य वीस वर्षांचे नाही. ते त्या जागी फक्त वस्तीला आले आहे, असे मानून त्यांनी रचना केली. गावातील जुनी हवेली न पाडता मध्ये ठेवली. तिच्याभोवती कारखान्यात तयार केलेल्या लाकडी भागांची नवी इमारत २०१३ मध्ये उभी राहिली. तिच्यातील बहुतेक भाग सुटे करून काढता येतील असे आहेत.

या प्रकल्पातील एक तपशील व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. साहित्य पुढे परत जाणार, हे ठरल्यावर पुरवठादारांची दृष्टीच पालटली. इमारतीचा भार पेलण्यास जेवढी जाडी पुरेशी होती, त्याहून काहीशा अधिक मापाचे लाकूड वापरण्यात आले; कारण पुढे दुसऱ्या कामासाठी ते कापून घेता यावे. शिंपी लहान मुलाचा अंगरखा बेतताना शिवणीच्या आत माया सोडतो. त्या क्षणी ते कापड जास्तीचे वाटते. पण मूल वाढले की त्याच मायेमुळे अंगरखा आणखी दोन वर्षे चालतो. वस्तू हातची जाणार असेल, तर विकणारा काटकसरीने कापतो. ती पुन्हा दारी येणार असेल, तर तो माया सोडतो. चक्रीय अर्थव्यवस्थेचे मर्म या एका फरकात आहे.

या मर्माला तांत्रिक बाजूही आहे, ती म्हणजे सांधा. भाग कितीही उत्तम असला तरी तो दुसऱ्याशी कायमचा चिकटला, की दोघांचाही राडारोडाच होतो. जुन्या वाड्यांच्या विटा चुन्यात रचलेल्या असत. चुना विटेपेक्षा मऊ असल्याने पाडताना वीट अखंड सुटते आणि ठोकून साफ करता येते. सिमेंटचा सांधा बहुधा विटेहून कठीण असतो. तेथे सांधा न तुटता वीट तुटते. अशा रीतीने मजबुतीच्या नावाखाली पुनर्वापराचा मार्ग बंद झाला. राऊ यांच्याच कार्यालयाने ट्रायोडॉस या बँकेसाठी ड्रीबर्गन येथे जी इमारत उभारली व जी २०१९ मध्ये वापरात आली, तिची लाकडी रचना स्क्रूंनी जोडलेली आहे आणि त्या स्क्रूंची संख्या नोंदविलेली आहे : १,६५,३१२. हा आकडा कौतुकासाठी सांगितला जातो. पण त्याचा अर्थ व्यवहाराचा आहे. जे फिरवून बसविले, ते उलटे फिरवून काढता येते. पक्की शिवणही उसवता येते. डिंकाने चिकटविलेले कापड मात्र सोडविताना फाटते.

सांध्याशी संबंधित दुसरा मुद्दा थरांचा आहे. ब्रिटिश वास्तुविशारद फ्रँक डफी यांनी मांडलेला आणि अमेरिकन लेखक स्ट्युअर्ट ब्रँड यांनी १९९४ मध्ये विस्ताराने प्रतिपादन केलेला हा विचार आहे. इमारत ही एकजीव वस्तू नसून निरनिराळ्या आयुर्मानाच्या थरांची जुळणी आहे. ब्रँड यांच्या मांडणीत मूळ सांगाडा ३० ते ३०० वर्षे, बाहेरचे आवरण सुमारे २० वर्षे, नळ व विजेच्या यंत्रणा ७ ते १५ वर्षे आणि आतील खोल्यांची मांडणी ३ ते ३० वर्षे टिकते. अल्पायुषी थर दीर्घायुषी थरात गाडला, की धाकट्याच्या दुरुस्तीसाठी थोरल्याची मोडतोड करावी लागते. भिंतीत पुरलेला नळ गळू लागल्यावर चांगल्या फरशा फोडाव्या लागतात, हा अनुभव प्रत्येक घरात आहे. नळ व तारा उघडता येण्याजोग्या मार्गिकेतून नेल्या, तर हा भुर्दंड टळतो. त्यासाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. बांधण्यापूर्वी विचार लागतो.

आता हिशेबाची बाजू पाहू. दुकानात ताका आला की त्याची नोंद होते : प्रत कोणती, पन्हा किती, कोणाकडून आला, भाव काय. नोंद नसलेला माल वर्षाअखेरच्या मोजणीत अडगळ ठरतो. इमारतीत लक्षावधी रुपयांचा माल असतो आणि त्याची एका ठिकाणी नोंद नसते. तीस-चाळीस वर्षांनंतर कोणत्या तुळईत कोणते पोलाद आहे, दारे कोणत्या लाकडाची आहेत, हे सांगणारा कोणी उरत नाही. म्हणून सगळ्याचीच गणना कचऱ्यात होते. राऊ यांचे प्रतिपादन असे की, ओळख हरवलेल्या मालालाच आपण कचरा म्हणतो. या विचारातून २०१७ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘मॅडास्टर’ नावाची नोंदवही संगणकावर सुरू झाली. ‘मटेरियल’ आणि जमिनीच्या नोंदवहीला डच भाषेत असलेला ‘कडास्टर’ हा शब्द, यांच्या जोडणीतून हे नाव बनले. जमिनीला सातबारा असतो, तसा इमारतीतील साहित्याचा हा सातबारा. कोणता माल कोठे आहे, किती आहे, कशाने जोडला आहे आणि काढता येईल की नाही, याची नोंद त्यात होते. तिला ‘मटेरियल पासपोर्ट’ असेही म्हणतात.

जमाखर्चाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. पुस्तकात इमारतीवर दरवर्षी घसारा काढला जातो आणि तिचे मूल्य उतरत जाते. पाडतेवेळी तर उलट खर्चच मांडावा लागतो. परंतु साठ्याची विश्वासार्ह नोंद असेल व माल सुटा होत असेल, तर शेवटी शून्याऐवजी काही मोडीची किंमत उरते; आणि जिची किंमत उरते, ती वस्तू सांभाळली जाते. इमारतीला साहित्याची ठेव मानण्याचा विचार येथून निघतो.

याच्याही पुढचे पाऊल म्हणजे वस्तूची मालकी तिच्या उत्पादकाकडेच ठेवणे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर २०१५ मध्ये दिव्यांचा असा व्यवहार झाला. विमानतळाने दिवे विकत घेतले नाहीत. प्रकाशाचे पैसे द्यावयाचे ठरविले. दिवे फिलिप्सच्या मालकीचे राहिले. दिवा बिघडला तर नुकसान उत्पादकाचे, म्हणून त्याने अधिक काळ टिकणारे व दुरुस्तीस सुलभ असे दिवे खास तयार केले. विकणाऱ्याचा लाभ वस्तू लवकर बिघडण्यात होता, तो ती टिकण्यात आला.

या साऱ्या कल्पना कागदावर मोहक दिसतात. त्या कसोटीला उतरल्या काय, असे विचारणे योग्यच आहे. ब्रुमेनच्या इमारतीची वीस वर्षे २०३३ मध्ये पूर्ण व्हावयाची आहेत. तिचे दिलेले वचन अद्याप परीक्षेस बसलेले नाही. परंतु दुसऱ्या एका इमारतीने ही परीक्षा दिली आहे. अ‍ॅम्स्टरडॅम येथे नवे न्यायालय बांधून होईपर्यंत काही वर्षांसाठी तात्पुरत्या न्यायालयाची गरज होती. शासनाच्या मालमत्ता विभागाने निविदा काढतानाच असे पाहिले की, वापर संपल्यावर इमारतीचे जास्तीत जास्त मूल्य उरावे. सेपेझेड या वास्तुविशारद संस्थेने त्याप्रमाणे सुटी होणारी रचना केली व २०१६ मध्ये न्यायालय सुरू झाले. काम संपल्यावर ती इमारत जमीनदोस्त करण्याऐवजी भागाभागाने उतरविण्यात आली आणि देशाच्या पूर्वेकडील एन्स्केडे शहरात कार्यालयाच्या रूपाने पुन्हा उभारण्यात आली. न्यायालयाचे खांब आता दुसऱ्याच व्यवसायाचे छत पेलतात.

नव्या इमारतींना हे साधेल. पण पूर्वीच असा विचार न करता बांधलेल्या इमारतींचे काय? त्याचे उत्तर शेजारच्या बेल्जियममध्ये सापडते. ब्रुसेल्स येथे २००५ मध्ये स्थापन झालेल्या ‘रोटर’ या गटाने पाडावयाच्या इमारतींतील दारे, फरशा, दिवे, लाकडी तावदाने अखंड काढून, साफ करून, मोजमापासह विकण्याचा व्यवसाय उभा केला. जुन्या फरशांना चिकटलेले सिमेंट काढण्याची पद्धतही त्यांनी विकसित केली. येथे नेतृत्व दुकानदारीच्या रूपाने आले. माल निवडणे, प्रत लावणे, पारखून सांगणे आणि गिऱ्हाइकाचा विश्वास मिळविणे, हीच त्यांची भांडवलाची बाजू.

मार्गातील अडचणीही सांगितल्या पाहिजेत. जुन्या पोलादाच्या ताकदीची हमी कोण देणार, हा पहिला प्रश्न. त्याला चाचणी व प्रमाणपत्र लागते आणि त्याचा खर्च येतो. एका ठिकाणी इमारत उतरते तेव्हा दुसऱ्या ठिकाणी त्याच मापाच्या मालाची मागणी असेलच असे नाही. मध्यंतरी साठवणुकीची जागा हवी. सुटे करण्यास वेळ लागतो आणि विकासकाला व्याजाचा प्रत्येक दिवस मोजावा लागतो. शिवाय नव्या वाळूच्या भावात नदीच्या हानीची किंमत धरलेली नसते, म्हणून ती स्वस्त वाटते. आणखी एक सावधगिरी : जुने ते सर्व पुन्हा वापरावे असे नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आरोग्यास घातक असल्याने ते प्रशिक्षित माणसांकडून वेगळे काढून योग्य विल्हेवाटीसाठीच गेले पाहिजेत. सदुपयोगाच्या उत्साहात असा विषारी माल दुसऱ्याच्या घरी पोचविणे, हा अपराध होईल.

परदेशातील या उदाहरणांनंतर दृष्टी स्वदेशाकडे वळविली, तर चित्र संमिश्र आहे. एक बाजू निश्चितच उजळ आहे. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत इमारत पाडणारा ठेकेदार आतील सागवान, सळया, दारे-खिडक्या यांची किंमत धरूनच सौदा करतो, आणि जुन्या लाकडाचा व्यापार करणारी दुकाने हा माल विकतात. जुन्या सागवानाची तुळई आजही आदराने विकत घेतली जाते. याचा अर्थ असा की, ज्या मालाला भाव आहे तो चक्रात आहे. चक्राबाहेर पडते ते काँक्रीट, गिलावा व फुटक्या विटा. कारण त्यांना भाव नाही आणि टाकण्याला खर्च नाही. हे पाडकाम करणारे मजूर धुळीत, उंचीवर, पुरेशा संरक्षणाविना राबतात, हेही विसरता कामा नये. टिकणाऱ्या चक्रात त्यांच्या सुरक्षिततेचा खर्च धरलेला असला पाहिजे.

भावाअभावी बाहेर पडणाऱ्या या राशीचे दर्शन देशाला २८ ऑगस्ट २०२२ रोजी झाले. नोएडा येथील सुमारे शंभर मीटर उंचीचे बेकायदा ठरलेले जोड मनोरे काही सेकंदांत स्फोटाने पाडण्यात आले. मागे उरलेल्या राडारोड्याचा अंदाज सुमारे ८०,००० टन होता. उभारण्यास वर्षे लागलेली वस्तू, तीत कोणी एक रात्रही न राहता, ढिगारा झाली.

शासनाने या विषयाकडे दुर्लक्ष केलेले नाही. केंद्राने २०१६ मध्ये बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम लागू केले. एका दिवसात २० टनांहून अथवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असे चार भाग वेगळे करावेत, असे बंधन त्यात होते. सरकारी व पालिकेच्या कामांत १० ते २० टक्के साहित्य अशा कचऱ्यापासून बनलेले असावे, अशीही अपेक्षा होती. त्याच वर्षी भारतीय मानक ३८३ मध्ये सुधारणा होऊन, जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि पायाखालच्या कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे वापरण्यास मुभा मिळाली. दिल्लीतील बुराडी येथे २००९ मध्ये देशातील पहिले प्रक्रिया केंद्र सुरू झाले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत पाडकामाच्या कचऱ्यापासून केलेले सुमारे १८ लाख ठोकळे वापरले गेले. २०२५ मध्ये नवे नियम प्रसिद्ध झाले व त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ हा दिनांक ठरविण्यात आला. त्यानुसार २०,००० चौरस मीटर वा अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पांवर कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची विस्तारित जबाबदारी टाकण्यात आली आहे.

नियमांचे महत्त्व आहेच. परंतु वरील सर्व उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली की, एक गोष्ट स्पष्ट होते. ब्रुमेन येथे आरंभ कोणी केला? एका लहान नगरपालिकेने. अ‍ॅम्स्टरडॅम येथे? निविदा काढणाऱ्या विभागाने. ड्रीबर्गन येथे? जागेची मालक असलेल्या बँकेने. वास्तुविशारदाची प्रतिभा व ठेकेदाराचे कौशल्य त्यानंतर आले. बांधकाम क्षेत्रातील नेतृत्व हे प्रथमतः मागणी करणाऱ्याचे नेतृत्व आहे. गिऱ्हाइकाने पक्का रंग मागितला, तेव्हाच गिरणीने पक्का रंग दिला, हा बाजाराचा जुना नियम येथेही लागू आहे. ठेकेदार मागितलेले देतो. न मागितलेले तो का देईल?

आणि मागणी करणारे कोण? गृहनिर्माण संस्थांचे सभासद, विश्वस्त संस्थांचे कार्यकारी मंडळ, शाळा व वसतिगृहांचे चालक, दुकानाचे मालक. या सभागृहातील पुष्कळ जण यांपैकी कोठे ना कोठे स्वाक्षरीचे अधिकारी आहेत. त्यांना पुढील पाच गोष्टी कोणत्याही मोठ्या खर्चाविना करता येतील.

पहिली : पाडण्याचा ठराव करण्यापूर्वी, इमारत दुरुस्त होऊ शकते काय, याचा अहवाल तज्ज्ञ अभियंत्याकडून लेखी घ्यावा. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानेच आवश्यक आहे. तिचा उपयोग केवळ पाडण्याचे निमित्त म्हणून होऊ नये. धोकादायक इमारतीबाबत मात्र जिवाशी तडजोड नको.

दुसरी : पाडकामापूर्वी साहित्याची यादी करावी. दारे, खिडक्या, फरशा, कठडे, लाकूड, लोखंड, सर्व मोजून लिहावे आणि यातील कोणते अखंड काढावयाचे, हे करारात नमूद करावे.

तिसरी : राडारोडा अधिकृत प्रक्रिया केंद्रात गेल्याच्या वजनाच्या पावत्या संस्थेकडे जमा झाल्याखेरीज पाडकामाचे अंतिम देयक देऊ नये. पावती मागितली की, खाडीकडे जाणारी गाडी आपोआप योग्य रस्त्याला लागते.

चौथी : नव्या इमारतीत नळ व विजेच्या तारा उघडता येतील अशा मार्गिकेतून न्याव्यात, आतील पडद्या स्क्रूंनी बसवाव्यात आणि जेथे मानकानुसार चालते तेथे पुनर्प्रक्रिया केलेली खडी व ठोकळे वापरावेत, अशी अट घालावी.

पाचवी : ताबा घेताना किल्ल्यांबरोबर इमारतीची साहित्यवही घ्यावी. प्रत्यक्ष झालेल्या बांधकामाचे नकाशे, पोलादाची व काँक्रीटची प्रत, लाकडाची जात, पुरवठादारांची नावे, एवढे तरी त्यात असावे. ती वही संस्थेच्या दप्तरात इतिवृत्ताच्या शेजारी ठेवावी व प्रत्येक दुरुस्तीनंतर तीत भर घालावी.

यांपैकी पाचवी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. तिचा लाभ ती वही सुरू करणाऱ्याला बहुधा मिळणार नाही. तो आणखी पन्नास वर्षांनी, शतकमहोत्सवाच्या सुमारास, ज्यांच्या हाती कारभार असेल त्यांना मिळेल. त्यांच्यासमोर तेव्हा एक जुनी इमारत उभी असेल. तिच्यासोबत वहीही असेल, तर ती त्यांच्या दृष्टीने ठेव ठरेल. वही नसेल, तर हजारो टनांचे ओझे. पूर्वजांनी लावलेल्या आंब्याची फळे खाणाऱ्याने पुढच्यासाठी कोय रुजवावी, अशी रीत आहे. बांधणाऱ्या पिढीने पाडणाऱ्या पिढीचा विचार करावा, एवढेच या नव्या नावाच्या शास्त्राचे मागणे आहे.

येत्या वर्षभरात ज्या संस्थेची निविदा निघेल, तिच्या मसुद्यात या पाच अटींपैकी निदान दोन तरी समाविष्ट व्हाव्यात, अशी उपस्थितांना नम्र विनंती करून हे विवेचन येथे पूर्ण होत आहे.